कुगारुक ते तालोयोआक : चाळीस मिनिटं

४ मार्च
विमान नाहीच आलं! तेरेझी तिकडे कुगारुकच्या विमानतळावर बाळ घेऊन तीन तास बसली आणि घरी परतली. तिथून इथे तालोयोआकपर्यंत एकशे पंच्याऐंशी किलोमीटर बर्फ. विमानाला चाळीस मिनिटं — उडालं तर!
फोनवर मात्र हसत होती माझी धाकटी बहीण. "ताई, तुझी लेक भारी खादाड आहे हं!" तुझी, म्हणाली. पोटात होती तेव्हाच मला देऊ केली तिने. आमच्यात देतात असं, त्यात लपवाछपवी नाही. तरी तो शब्द ऐकून मी घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

५ मार्च
वादळ. नवरा माझा, ओत्तो, म्हणतो, "मी स्नोमोबाईलवरून जाऊन आणतो." म्हटलं, तान्हं बाळ आहे, मासे नव्हेत!

७ मार्च
इथल्या विमानतळावर हवामानाची नोंद मीच करते. दहा वाजता वैमानिकाने रेडिओवर विचारलं, "आतुआत, किती दिसतंय?" धावपट्टीच्या टोकाचा दिवाही दिसत नव्हता. विमानात तेरेझी होती, बाळ होतं. 'एक मैल' म्हटलं असतं तर त्याने उतरवलं असतं! अगदी ओठांवर आलं होतं.
म्हटलं — पाव मैल.
डोक्यावर घरघर ऐकू आली. मग लांब गेली.
ओत्तो म्हणाला, "बरं केलंस." माझ्या चहात साखर जरा जास्तच घातली त्याने.

८ मार्च
तेरेझीचा फोन. परत कुगारुकहूनच. "ताई, लवकर ने गं. दूध पाजते ना मी... रोज जड जातंय."
"मन होत नसेल तर ठेव. मी रागावणार नाही."
"गप गं!" फोन आपटला!
आईचं नाव ठेवायचं ठरलंय. गेलेल्याचं नाव बाळाला दिलं की तेच माणूस परत येतं, नातंही तेच राहतं. म्हणजे एवढ्याशा मुलीला आम्ही दोघी 'आई' म्हणणार.

१० मार्च, सकाळ
लख्ख! पंधरा मैल दिसतंय! पाठीवर बाळ घ्यायचा नवा कोट घालूनच कामावर निघालेय. ओत्तो हसतोय — हसू दे.

१० मार्च, दुपार
तेरेझीने बाळ माझ्या पाठीवर, कोटाच्या टोपीत ठेवलं. कानाशी म्हणाली, "आईचं नाही ठेवलं, ताई. इगुप्ताक ठेवलंय."
माझा इगुप्ताक सहा वर्षांचा होता. समुद्रावरचा बर्फ पायाखाली फुटला आणि तो पाण्यात गेला, त्याला एकोणीस वर्षं झाली. या वहीत त्याचं नाव मी कधी लिहिलं नव्हतं.
घरी ओत्तो दारातच उभा होता. मी नाव सांगितलं. त्याने हात पुढे केले आणि त्या मुलीला म्हणाला, "ये रे, राजा."