सहा मार्श आणि एक आडवी रेघ

हुऑन नदीकाठ, टास्मानिया
१२ एप्रिल

श्रीयुत (अथवा, योग असेल तर, नुसताच) मुकुंद गद्रे यांस नीळकंठ ओक याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी गुडघे हे अंग दोन वर्षांपासून वाकत नाही, तेव्हा सप्तांग समजून स्वीकारावा.) इकडे सर्व क्षेम आहे. तिकडचे कळावे अशी इच्छा आहे, आणि गेल्या तेहतीस वर्षांचे एकदम कळवले तरी चालेल. प्रकृती कशी आहे? पावसाळ्यात दुखणारा तो दात काढला की अजून त्याच्याशी वाटाघाटी चालू आहेत? 'आपण' लिहावे की 'तू', यात सकाळचे दोन कप चहा गेले. 'आपण' लिहिले तर तू हसशील, आणि 'तू' लिहिले तर आपण रागवाल. अशी पंचाईत का झाली ते शेवटी कळेल. तोवर तू.

मी इथल्या गावच्या लायब्ररीत पुस्तकांची सूची करतो. पुस्तक कोणाचे, कशाबद्दल, कोणत्या फळीवर, एवढे सांगणे हा माझा धर्म. गावात मला नील म्हणतात. कंठ त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकला, तेव्हापासून नुसता निळा राहिलो आहे, आणि इथल्या जुलैच्या थंडीत ते वर्णन म्हणूनही खरे आहे. (हा विनोद मी तेहतीस वर्षे कोणालाही सांगू शकलेलो नाही. समजावून सांगितला असता, पण मग त्याला भाष्य म्हणतात.)

आता अपराध सांगतो. १९९७ साली मी कामाला लागलो तेव्हा सगळी सूची लाकडी खणांतल्या कार्डांवर होती आणि ती संगणकात चढवायचे काम नव्या माणसाच्या, म्हणजे माझ्या, गळ्यात पडले. 'एम'च्या खणात लेस्ली मार्श या नावाची सहा कार्डे निघाली. दीपगृहातल्या भिंगांची निगा, मेंढ्यांच्या पोटातले जंत, बागेतल्या पाण्याचा निचरा, देवाच्या मौनावरची प्रवचने, बाळंतपणानंतरचे व्यायाम आणि दोरीच्या गाठी. इथे जन्मलेल्या कोणत्याही कारकुनाने ही सहा निरनिराळी माणसे आहेत हे हातातला कप खाली न ठेवता ओळखले असते. पण मी पडलो आपल्या संस्कृतच्या वर्गातला. ज्या परंपरेत एकाच नावाच्या मुनीने व्याकरणाने वाणी शुद्ध केली, योगाने चित्त शुद्ध केले आणि उरलेल्या वेळात वैद्यकाने शरीरही, आणि कोणी त्याच्याकडे जन्मदाखला मागितला नाही, त्या परंपरेत वाढलेल्याला जंत आणि प्रवचने यांत विसंगती दिसावी तरी कशी? मी सहांचा एक केला. पडद्यावर उमटले : मार्श, लेस्ली, ग्रंथ सहा. मला तर त्या गृहस्थाबद्दल आदर वाटला.

त्याच महिन्यात नवा संगणक पाहायला गाव लोटले, आणि त्यात एनिड हॅलोरन होती. सफरचंदे बांधायच्या शेडमध्ये तिने चाळीस हंगाम काढले. एकेक फळ पातळ कागदात गुंडाळून पेटीत बसवायचे, हे काम. ती शेड बंद झाली तरी हात थांबलेला नाही. लायब्ररीचे पुस्तकसुद्धा ती तसल्याच कागदात गुंडाळून परत आणते, घड्या अशा की सोडवताना आपणच फळ खराब करतो आहोत असे वाटावे. मी तिला म्हणालो, कोणतेही एक नाव टाका आणि गंमत बघा. तिने लेस्ली मार्श टाकले.

लेस्ली मार्श म्हणजे त्या शेडमध्ये पेट्या दोरीने आवळणारा तरुण. १९५९च्या मार्चमध्ये सफरचंदांच्या बोटीवर कामगार म्हणून चढला आणि इंग्लंडला गेला. धक्क्यावर एनिडला म्हणाला, 'मी लिहीन.' पत्र आले नाही. दोन हंगाम वाट पाहून तिने बर्ट हॅलोरनशी लग्न केले, आणि ते चांगले झाले, हे ती स्वतः सांगते. पण अडतीस वर्षांनी माझ्या पडद्यावर कळले की लिहायचे म्हणाला तसे त्याने लिहिले होते, भरपूर लिहिले होते, फक्त पाकिटावर पत्ता घालायचा राहिला होता. तिने त्या दिवशी जंत नेले.

तेव्हापासून सव्वीस वर्षे सहा पुस्तके आळीपाळीने तिच्या घरी जातात. बर्टला सगळे ठाऊक होते. एनिडला सर्दी झाली की पुस्तक बदलायला तोच यायचा, काउंटरवर ते गुंडाळलेले प्रकरण ठेवायचा आणि म्हणायचा, 'हे घ्या, आमच्या हिच्या साहेबांचं. या खेपेला बाळंतिणींच्या मागे लागलाय.' दहा वर्षांपूर्वी बर्ट गेला. त्या आठवड्यात एनिडने देवाच्या मौनावरची प्रवचने नेली आणि तीनदा मुदत वाढवून घेतली. मी शिक्का मारत गेलो आणि गप्प बसलो. खरे म्हणजे पहिल्या दोन-तीन वर्षांतच माझी चूक माझ्या ध्यानात आली होती. (भिंगांच्या पुस्तकावर छापले आहे १८९४. एकदा एनिडला ते दाखवावे म्हणून बोट तिथे नेले, आणि मग तिथली धूळ पुसली.)

गेल्या महिन्यात मात्र आमची सूची साऱ्या राज्याच्या मोठ्या सूचीत विलीन करायचे ठरले, आणि वरून प्रश्नांची यादी आली. आमची प्रमुख शेरिल हातात कागद घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. म्हणाली, 'नील, तुझ्या या माणसाचं पहिलं पुस्तक १८९४चं आणि शेवटचं १९९४चं. खात काय होता?' मी म्हणालो, सफरचंद. ती हसली, पण शुक्रवारपर्यंत त्याची वाटणी करून टाक म्हणाली.

आमच्या वाटणीचा नियम साधा आहे. एका नावाचे दोन लेखक निघाले की नावापुढे जन्माचे साल लिहायचे, मग एक आडवी रेघ, मग मृत्यूचे साल. माणूस हयात असेल तर रेघेपुढची जागा मोकळी. मी आठवडाभर जुनी दप्तरे उपसली. भिंगवाले १८५१मध्ये जन्मले, १९१९मध्ये गेले. प्रवचनवाले पाद्री आणि निचरावाले इंजिनियर हेही आपापल्या दोन सालांच्या मध्ये नीट बसले. जंतवाले डॉक्टर १९९८मध्ये गेले, म्हणजे एनिडने पहिल्यांदा नेले तेव्हा बिचारे होते. व्यायामवाल्या लेस्ली मार्श या ओहायोच्या बाई निघाल्या, हयात आणि त्या विषयाला साजेशा तंदुरुस्त. राहिला गाठींवाला. लिव्हरपूलला १९६४ साली छापलेले बारीकसे पुस्तक, कागद असा की बोटीवरच छापला असावा, मागे फोटो नाही, साल नाही, काही नाही.

म्हणजे शुक्रवारी एनिडने ते नाव टाकले की तिच्या एका माणसाच्या जागी सहा परके उभे राहणार, त्यांतले चार मेलेले आणि एक बाई. हे तिला पडद्याने सांगण्यापेक्षा मी सांगावे असे ठरवले. गुरुवारी ती नेहमीप्रमाणे आली, प्रवचने परत करायला, आणि माझ्यासाठी कालवांचे मसालेदार सारण भरून भाजलेला इंग्रजी पाय घेऊन. (त्यातला मसाला डब्यातली पिवळी पूड असते, आणि ती मला घरची आठवण यावी म्हणून जास्त घालते. आठवण येते, पण घरच्या चवीची नव्हे, नुसती घराची.) मी विषयाला हात घातला तो लांबून. कार्डे, संगणक, परंपरा, मुनी. माझ्या प्रस्तावना तुला आठवत असतील. एनिडने पंचवीस मिनिटे ऐकून घेतले आणि मग म्हणाली, 'तुला वाटलं, मला माहीत नाही?'



'जंतांच्या पुस्तकामागे फोटो आहे, नील बाळ. टक्कल आहे त्या माणसाला. लेस्ली टकला झाला असता तर मला कळलं नसतं?' मग म्हणाली, 'आणि ती व्यायामवाली. तिच्या मांडीवर तर नातवंड आहे.'

मग सव्वीस वर्षे ही पुस्तके नेत का होता, असे मी विचारले. ती म्हणाली, पाठीवर नाव छापलेले असते, टेबलावर ठेवले की घरात आल्यासारखे वाटते. बर्टने तर जंतांचे पुस्तक दोनदा वाचून काढले होते, आणि माणूस हुशार आहे असे त्याचे मत पडले होते.

मग तिने विचारले, गाठींवाला कोण? मी म्हणालो, तेवढ्या एकाचे साल लागत नाही. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. '१९३६. मार्चची नऊ तारीख. लिही.' मी म्हणालो, त्याला पुरावा लागतो. ती म्हणाली, पुस्तकात बावन्नाव्या पानावर जी गाठ आहे ती आमच्या शेडमधली, पेटीला तशी दुसरे कोणी बांधत नाही. शेडमध्ये जाऊन विचारावे तर तिथे आता कॉफी मिळते. मी लिहिले. मार्श, लेस्ली, १९३६, आणि पुढे रेघ.

'ही रेघ कसली?'

'माणूस हयात आहे, अशी. किंवा गेल्याचं आम्हाला कोणी कळवलं नाही, अशी.'

'दोन्हींतलं कोणतं?'

'ते रेघेवरून कळत नाही.'

पंच्याऐंशी वर्षांची बाई पडद्याला नाक लावून त्या रेघेपुढच्या जागेकडे पाहत राहिली. जागा ती केवढी, चार आकडे मावतील एवढी. मग सरळ झाली आणि म्हणाली, 'मोकळीच ठेव.'

गाठींचे पुस्तक तिने तिथेच कागदात गुंडाळले आणि पिशवीत घातले. बाकीच्या पाचांकडे पाहिले नाही. आमच्या नोंदीत शेवटी एक रकाना असतो, माहितीचा आधार काय. मी बराच वेळ न्यायशास्त्रातली चार प्रमाणे मोजत बसलो. प्रत्यक्ष नाही, कारण ती गाठ मी कधी बांधताना पाहिलेली नाही. अनुमानाला हेतू लंगडा. उपमान तर टकलापाशीच संपले. मग चौथे राहिले ते, 'शब्द', असे लिहिले. शेरिलने विचारले, कोणाचा शब्द? मी म्हणालो, त्याने धक्क्यावर दिला तो. तिने माझ्याकडे पाहिले आणि नोंद पुढे पाठवली.

मुकुंद, त्या शुक्रवारपासून मला तुझी फार आठवण येते आहे. फार म्हणजे किती ते सांगायला एनिडच्या कागदासारखे काहीतरी हवे, शब्दांना सुरकुत्या पडतात. सांगलीच्या कॉलेजात आपला वर्ग दोघांचा होता. वर्गात पहिला तू, शेवटचा मी, आणि सरासरी उत्तम. एका समासाच्या विग्रहावरून आपण सबंध उन्हाळा भांडलो, आणि कोण बरोबर होते ते मी विसरलो आहे, म्हणजे बहुधा तू. १९९०च्या जूनमध्ये स्टँडवर मी गाडीत बसलो, तू खिडकीशी उभा. तू म्हणालास, 'आधी तू लिही.' मी म्हणालो, 'आधी तू.' गाडी हलेपर्यंत आपण एकमेकांना हा मान देत राहिलो, आणि पुढे तेहतीस वर्षे कोणीही आगाऊपणा केला नाही. एनिडला निदान 'लिहीन' तरी मिळाले होते. आपण तेही एकमेकांवर ढकलले.

दोघांसाठी वेगळे वचन ठेवणारी भाषा आपण शिकलो. मराठीत ते नाही, इथल्या भाषेत नाही. स्टँडवरून गाडी हलली त्यानंतर मला ते लागलेले नाही.

कळावे. लोभ इतकी वर्षे न वापरता ठेवला आहे, स्थिती उत्तम.

तुझा
नीळकंठ (कंठासह)

ता. क. सूची करणाऱ्या माणसाला शुक्रवारनंतर सोमवारी काय सुचणार? मी जगभरच्या ग्रंथालयांच्या सूचीत मुकुंद गद्रे हे नाव टाकून पाहिले. चार ग्रंथ निघाले : डाळिंबावरील रोग, मधुमेह आणि आहार, घरगुती विजेची दुरुस्ती, आणि बुद्धिबळातील शेवटचे डाव. चारही मागवले, ते काल आले. डाळिंबाच्या पुस्तकात 'कृष्णबिंदुग्रस्तफलत्वक्' असा समास आहे, तो तुझ्याशिवाय कोण करील? मधुमेहाच्या पुस्तकात 'गोड बोलण्यास हरकत नाही' असे कंसात आहे, आणि तो कंस तुझाच. विजेच्या पुस्तकातला लेखक प्रस्तावनेत सहा पाने दिवा लागू देत नाही. बुद्धिबळवाला हरलेले डावच तेवढे सविस्तर देतो. चारही तूच आहेस. फोटो कोणत्याच पुस्तकावर नाही, हे बरे झाले.

ता. ता. क. या पत्राच्या म्हणून चार प्रती केल्या आहेत आणि चार प्रकाशकांच्या पत्त्यावर चार मुकुंद गद्र्यांना पाठवल्या आहेत. आपण त्यांतले इतर कोणी असाल तर परक्या माणसाचा दात, समास आणि सांगलीचे स्टँड आपल्यावर लादल्याबद्दल क्षमा असावी, आणि कृपा करून आपले जन्मसाल कळवावे, म्हणजे आपली नोंद स्वतंत्र करता येईल.

आणि तू असशील तर साल कळवायची गरज नाही. १९६६, माझ्याहून चाळीस दिवसांनी मोठा. ते लिहून पुढे रेघ मारून ठेवली आहे. फक्त 'मोकळीच ठेव' एवढे तुझ्या हाताने लिहून पाठव. आधी मी लिहिले आहे.