वाचताना मागे उभं राहिलेलं कोणीतरी

मंगळवार, संध्याकाळ

दुपारी शाळेत तिसरीच्या पोरांच्या डिजिटल संचिका तपासत होते. प्रत्येकाची चित्रं, फोटो आणि धडा वाचल्याचं रेकॉर्डिंग. वर्गात गलका असतो, म्हणून मीच एकेकाला टॅब देऊन पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीत पाठवते आणि स्वतः व्हरांड्यात थांबते.

रेकॉर्डिंगमध्ये वैष्णवी एका शब्दावर अडली, तर मागून कोणीतरी हळूच तो शब्द सांगितला. वर म्हणालं, "हं, वाच पुढे." राहुलच्या वेळीही तेच. आत तर दुसरं कोणी नव्हतं!

वैष्णवीला विचारलं, "शब्द कोण सांगत होतं गं?"

"तुम्हीच तं सांगून राह्यल्या होत्या मॅडम, माह्या मांगं उभ्या राहून."

पुन्हा ऐकलं. आवाज माझाच. पण मी बाहेर होते ना? होतेच. मग 'मदतीशिवाय वाचते का?' या रकान्यात काय भरू?

शाळा सुटल्यावर मीच त्या खोलीत बसून धडा वाचला, रेकॉर्ड केला. मुद्दाम मध्येच थांबले. कोणी काही बोललं नाही. हायसं वाटलं.

घरी परतताना धाड गावाला जाणाऱ्या जीपमध्ये ते रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकलं. मी थांबते. क्षणभर शांत. मग मागून माझाच आवाज, अगदी मायेनं, "हं, वाच पुढे."