कंदिलावरचं पिवळं पाखरू

भाद्रपद शुद्ध २, संध्याकाळ

कंदिलावर पिवळं पाखरू आलं आणि माझं जेवण तिथंच राहिलं. पंखावर काळा ठिपका आहे का? तिरोड्याच्या बाजारात शेतकीवाल्यानं धानाच्या खोडकिड्याचं चित्र दाखवलं होतं, त्यात मादीच्या दोन्ही पंखांवर एकेक ठिपका होता, आणि तिच्या अंड्यांवर तांबूस लव. की ही नुसती कंदिलाची काजळी? काचेच्या पेल्याखाली झाकून ठेवलं.

बायको म्हणाली, "एवढ्याशा पाखराले काऊन भिऊन राहिले तुमी? काल मारबतीसंगं सारे किडे हाकलून आलो ना!"

हो, मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेताना मीही ओरडलोच होतो, "घेऊन जा गे मारबत!" आता गावाला कोणत्या तोंडानं सांगू? आणि नाही सांगितलं तर? मागच्या साली शेजारच्या गावात लोंब्या पांढऱ्या निघाल्या, आत दाणाच नाही. आमचं धान आता पोटरीत येतंय, लोंबी अजून बाहेर पडायची आहे.

काजळीच असेल. काजळीच असू दे.

पुन्हा पेल्याजवळ गेलो. ठिपका बघायची गरजच उरली नाही. काचेला आतून तांबूस लवेचा पुंजका चिकटलाय. तिनं अंडी घातलीत.

ही एकटी काचेखाली आहे. धान सारं उघड्यावर.