न दुखणारी गाठ

वांकिडी, कार्तिक महिना, १९८९

मथुराअक्काले धाकट्या बयनाचा नमस्कार.

अक्का, नागपूरच्या डाक्टरनं माह्या छातीतली गाठ पाह्यली. रोग आता हाडात गेला म्हणे. दुखत नव्हती म्हणून मी कोनाले सांगतलं नाही. मंग वाढली, तं सासूनं बिब्ब्याचा डाग देला. डाक्टर म्हणाला, "बाई, अशी गाठ सुरुवातीला बहुतेक दुखतच नाही. तेव्हाच आला असता तर कापून काढली असती."

मागच्या संक्रांतीले माहेरी न्हाताना मी तुले तीळ चोळून देत होती. तवा तुह्या छातीत हरबऱ्याएवढी गाठ माह्या हाताले लागली. "दुखत नाही ना? मंग काई नाही," असं मीच म्हणली.

तुले वाचता येत नाही. तुह्या घरी आलेलं पत्र तुहा दीर ओसरीवर समद्याइच्या समोर वाचते. छातीचं नाव त्याच्या तोंडून निंगालं, तं तू हिरीत उडी घेशील, पण दवाखान्यात जाशील नाही.

म्हणून हे पत्र चुलीत घालते. कार्डावर एवढंच लिवते, "भेटाले लवकर ये."

पण कापूस येचून झाल्याबिगर तुले कोन धाडते? आन तोवर तुही गाठ दुखणारबी नाही.

तुही,
बयना