घंटा कोणी वाजवायची

मी, श्रीमती सुनेत्रा हरिचंद्र शेलार, वय ५४, अंबरनाथ पूर्वेच्या एका खाजगी शाळेची प्रभारी मुख्याध्यापिका, राहणार बदलापूर, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भीती मात्र आहे. भ्यालेल्या माणसाचे मृत्युपत्र चालते का, हे मी वकील शलाकाताईंना दोनदा विचारले. चालते, म्हणाल्या. येत्या सोमवारी माझ्या उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढणार आहेत. डॉक्टरांनी धीर दिला, पण खात्री दिली नाही.

१. बदलापूरचा फ्लॅट, त्यातले सामान आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती मुलगी मैत्रेयी हिला द्यावी. तिचे वडील हयात नाहीत. ती गेली दोन वर्षे मला राजीनामा द्यायला सांगते आहे. शाळेला दुसरी बाई मिळेल, मला दुसरी आई मिळणार नाही, असे ती म्हणाली होती. ती बरोबर बोलत होती, तरी मी शाळेत जात राहिले.

२. सोनिवलीच्या वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा माझी वहिनी विठा हिच्या एकटीच्या नावे करावा, माझा भाऊ सदू याच्या नव्हे. तिकडे टॉवर उभे राहू लागल्यापासून सदू हक्कसोडपत्र घेऊन माझ्या दारात येतो. मी डीएड करत होते तेव्हा हाच चारचौघांत म्हणायचा की हिच्या तोंडातून शब्द फुटत नाही, ही काय शिकवणार. ते खोटे नव्हते, म्हणूनच लागले. विठा तेव्हा त्याची नवी नवरी होती. "तू जा शालंन, ढोरांना मी बघतंय," एवढेच ती बोलली, आणि दोन वर्षे माझ्या वाटणीचे शेण तिने काढले.

३. फुप्फुसाचे काय झाले ते इथे लिहिते, म्हणजे माझ्यामागे कोणी वेगळे सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी मी सातवीची वर्गशिक्षिका होते. स्टाफ मीटिंगमध्ये मी कधी तोंड उघडले नव्हते. त्या दिवशी मधली सुट्टी संपली आणि मागच्या भिंतीवरून पांढुरका धूर मैदानात उतरला. वास कुजक्या कांद्याचा. मुलांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. मी मुख्याध्यापक विष्णुपंत सरांकडे धावले. ते संस्थेच्या सेक्रेटरींना फोन लावत होते आणि फोन लागत नव्हता.

"खिडक्या लावून बसवा मुलांना," ते म्हणाले. "वरून सांगितल्याशिवाय आपण निर्णय घेणारे कोण, बाई?"

मी मान डोलावली आणि वर्गाकडे परत निघाले. खरेच निघाले होते. व्हरांड्यात माझ्या वर्गातली राजसी भिंतीला धरून ओकत होती. मग पुढचे मी ठरवून केले असे म्हणता येणार नाही. मी घंटा वाजवली. मागच्या भिंतीपलीकडच्या चाळीत दोरीवरचे कपडे आमच्या दिशेने फडफडत होते, म्हणजे वारा चाळीमागच्या रसायन कंपन्यांकडून येत होता. मुलांना ओले रुमाल नाकाला लावायला सांगितले आणि वाऱ्याला आडवे, पालेगावच्या रस्त्याने चालवत नेले. बाकीचे वर्ग मागून आले. पहिलीचा आला नाही. मी परत गेले. माधवीबाई दार लावून मुलांना मांडीशी घेऊन बसल्या होत्या. सरांनी बसायला सांगितलंय, म्हणत होत्या आणि रडत होत्या. त्या सगळ्यांना बाहेर काढेपर्यंत मी तो धूर प्यायले.

मुले वाचली. राजसीला आजही जिना चढताना थांबावे लागते. मला संस्थेकडून विनापरवानगी वर्ग सोडल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस आली. पालक फाटकावर बसले तेव्हा ती मागे घेतली, आणि विष्णुपंत निवृत्त झाल्यावर खुर्ची मला दिली.

तेव्हापासून लोक मला धीट समजतात. रोज सकाळी शाळेत पाय टाकण्याआधी मी त्या चाळीतले कपडे बघते. ते आमच्याकडे उडत असले की प्रार्थनेला माझे गुडघे थरथरतात. म्हणून मी जाड साड्या नेसते.

४. विष्णुपंतांना काही देणे नाही. मला भेटायला येऊ का, असा निरोप त्यांनी दोनदा पाठवला. मी नाही म्हटले. ते घाबरले याचा मला राग नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना विचारायलाच शिकवले होते, ठरवायला कोणी शिकवले नाही. पण आपली भीती त्यांनी पहिलीच्या पोरांवर ठेवली, ते मला माफ करता येत नाही. माझ्यामागे ते आले तर मैत्रेयीने त्यांना बसवावे, चहा द्यावा. मी माफ केले असे सांगू नये.

५. माझ्या पगारातून घेतलेला हातातला भोंगा सहशिक्षक अनीश यांना द्यावा. मी खुर्चीवर आल्यावर नियम केला की ज्याला आधी वास येईल त्याने घंटा वाजवायची, मला विचारायचे नाही. पहिल्या सरावाला सगळे शिक्षक माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. दुसऱ्या वेळी मी कार्यालयाची कडी आतून लावून घेतली. बराच वेळ काही झाले नाही. मग माधवीबाईंनी घंटा वाजवली.

अनीश सर्वांत नवे. "मॅडम, मुझसे नहीं होगा, ऐन वेळी माझा आवाजच बसतो," असे ते म्हणाले होते. मी त्यांना माझे गुडघे दाखवले. त्यानंतर रोज शाळा सुटल्यावर ते मैदानाच्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला. हजेरी मला ऐकू येईपर्यंत त्यांनी पुकारायची. भीती जाण्याची वाट बघू नका, ती जात नाही, एवढेच मला त्यांना शिकवता आले.

६. ~~मी इस्पितळात असेपर्यंत, व माझे काही बरेवाईट झाल्यास अनुभवी मुख्याध्यापक मिळेपर्यंत, संस्थेने शाळा बंद ठेवावी, अशी माझी अखेरची विनंती आहे.~~

हे कलम मी खोडले आहे. शलाकाताई म्हणाल्याच होत्या की असे मृत्युपत्रात मागता येत नाही, तरी मी हट्टाने लिहवून घेतले. त्यावरची शाई वाळली नव्हती तेव्हा अनीश यांचा फोन आला. मागे मुलांचा गलका होता. पेन माझ्या हातून खाली पडले.

"मॅडम, वास आलाय. आम्ही सगळे बाहेर आहोत."

"वारा कुठून आहे?" मी विचारले.

"कंपनीकडून. पालेगावच्या रस्त्याला लागलोय. ठेवतो, मुलं मोजायचीत."

फोन बंद झाला. मी उठून दारापर्यंत गेले आणि तिथेच दम लागला. शलाकाताईंनी मला खुर्चीत बसवले. उल्हासनगर कॅम्प एकमधले त्यांचे ऑफिस, दुपारची वेळ, खाली दुकानदारांची बोलाचाली चालू होती, आणि मी त्या खुर्चीत हात घट्ट धरून बसले. माझ्याशिवाय तिथे काय चालले असेल, याची आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली. बऱ्याच वेळाने माधवीबाईंचा संदेश आला. मोजणी बरोबर आहे, दोघांना खोकला आहे, त्यांना दवाखान्यात नेले आहे, धूर ओसरतो आहे.

मग मी पेन मागितले आणि कलम खोडले. शाळा चालू ठेवावी. अनीश यांनी मला काय करू असे विचारले नाही, हे इथे मुद्दाम नोंदवते.

वरील सर्व मला वाचून दाखवले, ते मला मान्य आहे. कलम सहावरची खोडाखोड माझीच आहे, तिथे मी वेगळी सही केली आहे. सही वाकडी आली आहे. तरी ती माझीच आहे.

सही: सुनेत्रा हरिचंद्र शेलार

साक्षीदार, आम्ही दोघांनी त्यांना आमच्यासमोर सही करताना पाहिले:
१. वृंदा सुयोग कर्णिक, शेजारी, बदलापूर
२. कल्पेश गायकर, वकिलांचे कारकून, उल्हासनगर

ठिकाण: कॅम्प १, उल्हासनगर
दिनांक: ९ डिसेंबर २०२५