लेकीची गोळी

प्रिय ठकू,

आधीच सांगते, तुझा बाप ठणठणीत आहे. आत्याचं पत्र पाहून तुझ्या काळजात धस्स झालं असणार, कारण मी फोन सोडून कागद हाती घेतला की काहीतरी बिनसलेलं असतं. बिनसलं होतं, आता निस्तरलंय. फोनवरच सांगितलं असतं, पण तो शेजारच्या खोलीत असतो आणि त्याचे कान अजून माझ्यापेक्षा तिखट आहेत.

उन्हाळ्यापासून त्याला उभं राहिलं की गरगरायचं. एकदा शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि रंगाचा डबा सुटून दुकानदाराच्या स्कूटरवर पडला. स्कूटर निळी झाली, हा वाचला. घरी येऊन त्याने ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. वय झालं, एवढंच म्हणाला. अगं, तुझी आई गेली तेव्हाही याने ब्रश टाकले नव्हते. खरं सांगते, मी घाबरले.

खापर आम्ही नव्या गोळीवर फोडलं. त्याचं असं झालं, तुझं महिन्याचं गोळ्यांचं पार्सल एकदा कुरिअरवाल्याने उशिरा आणलं, नेमका त्याच आठवड्यात हा सर्दीसाठी दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंना ब्लडप्रेशर वाढलेलं दिसलं. कुठली गोळी चालू आहे का, त्यांनी विचारलं, तर याने बेधडक नाही म्हणून सांगितलं. त्यांनी जेनेरिक गोळी लिहून दिली. हल्ली आमच्या गल्लीत गोळ्यांचा डबा नाही असं घर सापडायचं नाही. बाकावरची म्हातारी मंडळी नातवंडांच्या आधी एकमेकांच्या गोळ्यांची चौकशी करतात, आणि जेनेरिकच्या दुकानापुढे तर रांग असते. तुझ्या बापाला मात्र ती स्वस्तातली गोळी म्हणजे खडूचा तुकडा वाटायची. घ्यायचा मुकाट्याने, पण तोंड वाकडं करून. गरगरायला लागल्यावर त्याला आयतंच कारण मिळालं, आणि मी बाह्या सरसावून दुकानात भांडायला गेले.

तिथल्या फार्मसिस्ट मुलीने माझी सगळी बडबड ऐकून घेतली आणि घरात असतील तेवढ्या गोळ्या आणायला सांगितल्या. तू पाठवतेस ती पट्टी आणि तिच्याकडची पट्टी तिने शेजारी शेजारी ठेवली. रंग वेगळा, वरचं मोठं नाव वेगळं, खाली बारीक अक्षरांत औषध तेच. हा पठ्ठ्या रोज एकच औषध दोनदा घेत होता. डॉक्टरीणबाईंनी एक बंद केली आणि हळूहळू गरगरणं थांबलं. ब्रश माळ्यावरून खाली आले. जन्मभर अक्षरं रंगवली आणि वाचायची तेवढी राहिली, असं म्हणून मी त्याला अजून छळते.

डॉक्टरीणबाईंना तुझ्या गोळीचं का सांगितलं नाहीस, असं मी त्याला विचारलं. ते औषध कुठे, ती तर लेकीची गोळी, म्हणाला. यात तुझी तिळमात्र चूक नाही, तेव्हा उगाच जिवाला लावून घेऊ नकोस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गोळ्या इथेच मिळतात, पार्सल बंद कर म्हणून ठकूला कळवते, असं मी म्हटलं आणि त्याचा चेहरा उतरला. येऊ दे पार्सल, मी घेणार नाही, नुसतं कपाटात ठेवीन, म्हणायला लागला. खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे बोलला. पार्सल पोचलं की मिळालं का विचारायला तुझा फोन येतो, आणि मग तू खूप वेळ बोलतेस. एरवी तुला कामातून सवड नसते हे त्याला कळतं, त्याची तक्रार नाही. पार्सलच थांबलं तर फोन कशाला येईल, एवढीच त्याला धास्ती. तुला कळवू नको म्हणाला. मी मान हलवली, शब्द दिलेला नाही. तर गोळ्या पाठवू नकोस. दर महिन्याला एक बारीक ब्रश पाठव, आणि मिळाला का ते विचारायला फोन कर. असे ब्रश आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, हे त्यालाही ठाऊक आहे.

तुझीच,
आत्या