पांढऱ्यात तुम्ही काय टाकायचात

बाबा,

घराला रंग द्यायचा आहे आणि गेले काही दिवस मी पांढऱ्यापाशीच अडकून बसले होते. पांढरा म्हणजे सरळ पांढरा असता तर प्रश्न नव्हता. पण दुकानातून आणलेल्या शेड कार्डात पांढऱ्याच्या आसपासचे साठ-सत्तर रंग आहेत आणि त्यांची नावं वाचून भूक लागते. बदाम, मलई, बिस्किट, ओट्स, एकाचं नाव तर चक्क कोमट दूध. तुमची नात बंगळुरूहून रोज फोटो पाठवते. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं. "मम्मी, अभी सब पूरा घर एक ही न्यूट्रल में करवाते हैं. दीवार, दरवाज़ा, चौखट, सब. घर बड़ा दिखता है." मी विचारलं, न्यूट्रल म्हणजे नेमका कोणता? तर म्हणाली, "जो दिखे नहीं, वही." मी दोन दिवस या उत्तराचा विचार केला. जो दिसायचाच नाही तो रंग निवडायला इतके डोळे फोडायचे कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हसला असता आणि मग दोन तास त्यावरच बोलत बसला असता.

मी शाळेतून आले की तुमचा डबा घेऊन गुढियारीच्या बाजारात यायची. रंगाचं दुकान, समोर मालाच्या गोण्या उतरवणारे हमाल, आणि आत टर्पेंटाइनचा तो वास, ज्याने माझं डोकं दुखायचं आणि जो मला तरी आवडायचा. तेव्हा रंग कालवायचं मशीन नव्हतं. डिस्टेंपर पांढरा यायचा आणि छोट्या बाटल्यांतले रंग त्यात थेंब थेंब टाकून तुम्ही काठीने ढवळायचात. मग डाव्या अंगठ्याच्या नखावर एक ठिपका लावायचा, फुंकर मारायची आणि रस्त्यावर उन्हात जाऊन नख बघायचं. लोकांना वाटायचं तुम्ही कोणाची वाट बघताय. एकदा मी विचारते, "बाबा, पांढऱ्यात काळा काहून टाकता? घाण नाही होत का?" तुम्ही म्हणता, "नुसता पांढरा डोयाले खुपते, पोट्टे. त्याले जरासा मळवा लागते, मंग तो घरात राह्यते." किती मळवायचा, मी विचारते. "हे का मीठ आहे, चमच्यानं मोजाले?" असं म्हणून तुम्ही डबा उघडता आणि पोळीच्या पहिल्या घासाबरोबर विषय संपतो. माझा मात्र संपला नाही. किती टाकायचात, हे मी अजून विचारतेच आहे.

बुढापाऱ्यातल्या आपल्या भाड्याच्या घराला चुनाच असायचा. दसऱ्यानंतरच्या रविवारी अंगणात ड्रममध्ये चुना भिजायचा, त्यात नीळ पडायची, आणि स्वयंपाकघराच्या बादलीत तुम्ही मूठभर रामरज, म्हणजे ती पिवळी माती, जास्तीची टाकायचात. आई कुरकुर करायची की सगळ्या घराला एक रंग आणि माझ्याच खोलीला वेगळा काहून. तुम्ही म्हणायचात, "सगळीकडे एकच दिसन. तुह्या चुलीचा धूर धरून केला आहे." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी स्वयंपाक झाल्यावर बघितलं तर दोन्ही खोल्या सारख्याच दिसायच्या. मला त्या वयात ही जादूच वाटायची. आता वाटतं, तुम्ही रंग नाही, तो जिथे लागणार ती जागा कालवायचात.

म्हणून यंदा मी ठेकेदाराला सांगितलं, कार्डावरून काही ठरवायचं नाही. तुमचीच पद्धत. प्रत्येक भिंतीवर वर्तमानपत्राच्या पानाएवढा पट्टा, रंगाचे दोन हात, बाजूला पेन्सिलीने नंबर, आणि तीन दिवस बघायचं. सकाळी, दुपारी, दिवे लावल्यावर. ठेकेदार तुमच्यापेक्षाही कमी बोलणारा माणूस आहे. "हव दीदी," एवढं म्हणून त्याने हॉलच्या भिंतीवर तीन पट्टे मारून दिले. आणि मी अगदी रंगून गेले, बाबा. दुपारी समोरच्या घराच्या विटकरी भिंतीवरून ऊन आत येतं तेव्हा बिस्किट गुलाबी होतं. ट्यूबलाइटखाली ओट्स हिरवट. मलई सगळ्यात बरी, पण भनपुरीच्या कारखान्यांकडून ती काळी धूळ येते ना, खिडकीच्या कडेवर बोट फिरवलं की काजळ निघतं, तिच्यापुढे मलईचं वर्षभरात काय होईल? मी शेजारणीला बोलावून दाखवलं, दूधवाल्याला विचारलं, गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या भैयालाही सोडलं नाही. तो म्हणाला, "सब एक जैसा है, दीदी."

तुमचे जावई मात्र पहिल्या दिवसापासून ठाम. हॉलमध्ये खुर्चीत बसून म्हणायचे, "दोन नंबर." सकाळी दोन नंबर, रात्री दोन नंबर. मला कौतुकच वाटलं. रिटायर झाल्यापासून हा माणूस पहिल्यांदा घराच्या एखाद्या गोष्टीत मत देत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठेकेदाराला त्या भिंतीत ओल दिसली. त्याने पट्ट्यांसकट सगळी भिंत घासून काढली, पुट्टी भरली आणि वरून प्रायमर मारून गेला. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी. संध्याकाळी मी चहा घेऊन आले आणि गंमत म्हणून विचारलं, "मग, आता शेवटचं सांगून टाका." मला वाटलं म्हणतील, कुठे गेले तुझे पट्टे? त्यांनी भिंतीकडे नीट बघितलं. चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, "दोन नंबरच. मधला. संध्याकाळच्या उजेडात अजून मस्त दिसून राहिला."

मी कप त्यांच्या हातात नीट दिला, हीच त्या दिवसातली माझी कमाई. जिभेवर आलं होतं सगळं. की अहो, भिंतीवर काहीच नाही. की तीन दिवस मला वेडी समजत होता का. आणि मग एकेक आठवायला लागलं. स्कूटर त्यांनी चार महिन्यांपूर्वी गुडघे दुखतात म्हणून सोडली होती. दारातून जाताना ते चौकटीला बोटं लावत होते, आणि मी त्यावरून कटकट केली होती की रंग मळतो. पांढऱ्या ताटलीत भात वाढला की उरायचा. मला वाटलं होतं, जेवण कमी झालं.

दोन दिवसांनी डोळ्याच्या दवाखान्यात गेलो. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण समजावून सांगतात. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची, थेंब एकही दिवस चुकवायचे नाहीत. मग त्यांनी घराबद्दल विचारलं, पायऱ्या आहेत का वगैरे, आणि मी म्हटलं, सध्या रंगाचं काम काढलंय, सगळं घर एकाच रंगात करतोय. तशा त्या एकदम सरळ बसल्या. म्हणाल्या, भिंत हवी ती करा, पण दार, चौकट, पायरीची कड, स्विचबोर्ड, हे सगळं वेगळं आणि गडद करा, नाहीतर यांना घर सापडणार नाही. सापडणार नाही, असंच म्हणाल्या. स्वतःच्या घरात.

जावई शेजारी मान खाली घालून बसले होते आणि मला रडू येत होतं. पण तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. निघता निघता मी डॉक्टरीणबाईंना तुमचं विचारलंच. म्हटलं, माझे वडील रंग कालवायचे, जन्मभर, पण शेवटी शेवटी त्यांचा पांढरा निळा व्हायला लागला होता, हे कशाने होतं? त्यांनी विचारलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं का? मी म्हटलं, नाही, आम्ही चष्मा बदलला दोनदा. त्या म्हणाल्या, बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण मोतीबिंदू पिकत आला की डोळ्यातलं भिंगच पिवळं पडतं. माणसाला पांढरं पिवळट दिसतं. ते घालवायला तो निळा टाकत जातो, आणि त्याच्या डोळ्यांना जेव्हा ते बरोबर दिसतं, तेव्हा बाकीच्यांना ते निळं दिसतं.

हे घर बांधलं तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "पोरीच्या घराले रंग माह्याकडून." तीन दिवस अंगणात बादल्या मांडून बसलात. खोलीगणिक उजेड बघून कालवलंत. वास्तुशांतीच्या दिवशी घर भरलं आणि माझी चुलतसासू हॉलच्या मध्ये उभी राहून म्हणाली, "ठंडा-ठंडा लगता है, अस्पताल जैसा." सगळे हसले. मी स्वयंपाकघरात वडे तळत होते. तुम्ही पाणी मागायला आलात आणि मी झारा हातात घेऊन बोलले, "बाबा, किती निळा झालाय! हे घर आहे, दवाखाना नाही. हाताला अंदाज राहिला नसेल तर तसं सांगायचं ना." तुम्ही भिंतीकडे बघितलंत. "निया कुठं आहे वं? मलईच तर आहे." मला वाटलं, हट्ट. मी तुमच्याकडे पाठ फिरवली आणि वडे उलटले. त्यानंतर तुम्ही कधी बादलीला हात लावला नाही. दुकानातही ब्रश आणि पॉलिश पेपर विकायला बसलात. कोणी कालवून मागितलं तर म्हणायचात, आता मशीनवाल्याकडे जा. मला या बोलण्याची लाज वाटते, बाबा. तेव्हाही वाटली होती, पण तेव्हा वाटलं की बोलायची पद्धत चुकली, म्हणणं बरोबर होतं.

दवाखान्यातून घरी येताना रिक्षात जावई म्हणाले, "तुले सांगनारच होतो." मी विचारलं, कधी? "रंग झाल्यावर. तू इतकी खूश होऊन पाहून राहिली होती ते पट्टे." घरी आल्यावर ठेकेदाराकडून गडद कॉफी रंगाचा डबा मागवला आणि बेडरूमच्या दाराच्या चौकटीला वरपासून खालपर्यंत एक हात मारून घेतला. जावयांना काही सांगितलं नाही, नुसती हाक मारली. ते आले, पॅसेजमध्ये थांबले, आणि मग भिंतीला बोट न लावता सरळ चालत येऊन दारात उभे राहिले. "हा दिसते मले," म्हणाले. काय हसले ते, बाबा. बऱ्याच दिवसांनी तसे हसले. रात्री मुलीचा फोन आला तेव्हा कॉफी रंग ऐकून ती म्हणालीच, "पापा, पूरा लुक खराब हो जाएगा." त्यांनी स्वतःच तिला सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "स्विच भी डार्क लेना. मैं भेजती हूँ."

भिंतींना शेवटी दोन नंबरच घेतला आहे. मशीनने कालवला, चिठ्ठी लावून डबा आला, कोणत्या रंगाचे किती थेंब ते छापलेलं. मी चिठ्ठी वाचली. काळा आहे त्यात, बाबा. आणि पिवळा, आणि तांबड्याचा अगदी थोडा. निळा नाही. उद्या सकाळी ठेकेदार येईल, आज सगळं सामान मध्ये ओढून चादरी टाकल्या आहेत आणि मी त्यातल्याच एका टेबलावर हे लिहिते आहे. हा कागद शेड कार्डात राहील आणि पुढच्या रद्दीत जाईल बहुधा.

एक गोष्ट मात्र तुम्हाला कधी सांगितली नाही. वास्तुशांतीनंतर तुम्ही काही महिने इकडे आला नाहीत, तेव्हा मी तुमचा रंग पुसून टाकला. सगळ्या खोल्यांचा. दुकानातून तयार मलई आणली आणि चार दिवसांत मारून घेतली. मग दिवाळीला तुम्ही आलात. तुम्ही हॉलमध्ये उभे राहिलात, भिंतीवरून तळहात फिरवलात आणि म्हणालात, "पाह्य, म्हनलं नव्हतं? बसला ना आता माहा रंग." मी म्हटलं, हो बाबा, बसला. मला इतकं हायसं वाटलं की मी लगेच आत जाऊन तुमच्यासाठी चहा टाकला. रंगात जन्म काढलेल्या माणसाला घराचा अख्खा रंग बदललेला कसा कळत नाही, हे मी, सिलिंडरवाल्यालाही प्रश्न विचारल्याशिवाय न सोडणारी, तुम्हाला विचारलंच नाही.